गुलाबी कागदाखालचे काटे

मी एक जुनी निळी बाटली आहे, आणि मित्रांनो, मी जन्माची भित्री आहे. हसू नका! दुसऱ्याला भीती घालणं हेच तर माझं काम होतं. मानेपासून बुडापर्यंत माझ्या अंगावर काचेचे बारीक काटे आहेत. ते शोभेचे नाहीत. अंधारात कुणी चुकून मला उचललं, तर बोटांनाच कळावं की ही विषाची बाटली आहे, म्हणून ते आहेत.

माझा जन्म अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या काचकारखान्यात झाला. आमच्या गावात धुराड्यांचा धूर एवढा, की भर दुपारी बारा वाजता दिवे लावावे लागत. अशा गावात नुसत्या डोळ्यांवर कोण विसंबणार? मला साच्यात फुंकून घडवलं. गार झाल्यावर पेग डेव्हलिन नावाच्या बाईने पेंढ्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं. "नीट बस गं काटेरी," ती पुटपुटली. तेवढंच माझं बारसं.

पुढची काही वर्षं मी क्लोपर नावाच्या औषधवाल्याकडे काढली. माझ्यात अफूचा अर्क असायचा. क्लोपर महातिरसट माणूस, गिऱ्हाइकांवर खेकसायचा. पण मला कुलपात ठेवायचा आणि माझ्यातले थेंब मोजताना श्वास रोखून धरायचा. तो मला घाबरायचा, म्हणून मी निर्धास्त होते. मग एकदा माझ्या तोंडाचा टवका उडाला आणि मी मागच्या गल्लीतल्या कचऱ्यात जाऊन पडले.

तिथून भंगारवाल्याने मला लिअँडर ग्रोव्ह यांच्याकडे पोचवलं. हे स्वतःला डॉक्टर म्हणवत. त्याआधी ते टोप्या विकत! आवाज मात्र मधात घोळलेला. माझ्यासकट बारा काटेरी बाटल्या त्यांनी जमवल्या होत्या. आमचे काटे बुजेपर्यंत त्यांनी आम्हांला पिठाची जाड खळ फासली आणि वरून गुलाबी कागद चिकटवला. कागदावर निजलेल्या बाळाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बाळनीज. निव्वळ औषधी मुळ्यांचा रस.' आत काय ओतलं असेल? तोच अफूचा अर्क, साखर आणि बडीशेप घालून गोड केलेला. मित्रांनो, त्या क्षणी माझी वाचाच गेली. काटे हीच माझी वाचा होती.

मला विकत घेतलं ओनोराने. ती लोकांचे कपडे धुऊन द्यायची. तिची सहा महिन्यांची रोझॅना दात येताना रात्रंदिवस रडायची. शहरात शिकलेले डॉक्टर नव्हते का? होते की. पण ओनोराच्या नवऱ्याला तापात त्यांनी पाऱ्याची भुकटी चारली होती आणि बिचाऱ्याचे निम्मे दात गळून पडले होते. "दात पाडणाऱ्यापेक्षा गोड बोलणारा बरा," असं ती म्हणायची. तिचं तरी काय चुकलं?

घरात पाऊल टाकलं आणि मी थिजलेच. चुलीजवळ पेग बसली होती, मला पेंढ्यात गुंडाळणारी पेग! ती ओनोराची सासू होती. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. पेग, मी आहे गं, काटेरी! पण कागद कसला बोलतोय?

पहिल्या दिवशी अर्ध्या चमच्यात रोझॅना गाढ झोपली. "देवमाणूस हो तो डॉक्टर!" ओनोरा म्हणाली. तिसऱ्या दिवशी पोर दूधही मागेना.

"इतकं शहाणं लेकरू मी जन्मात बघितलं नाही," पेग म्हणाली. "मला लक्षण बरं दिसत नाही, पोरी."

"रडली तरी तुम्हांला खुपतं आणि निजली तरी खुपतं! करू तरी काय मी, आई?"

पाचव्या दिवशी ओनोराने ग्रोव्हना बोलावलं. पोरीचे हात गार पडले होते, ओठ निळसर झाले होते. ग्रोव्हनी टोपीसुद्धा काढली नाही. "रोग बाहेर पडतोय, बाई. आता कच खाऊ नका. दुपारी पूर्ण चमचा द्या." एवढं बोलून ते घाईने निघाले. जिना उतरताना ते जवळजवळ पळतच होते.

पूर्ण चमचा! मला दरदरून घाम फुटला. खरं सांगते, घामच. धुण्याचा हंडा माझ्या फळीखालीच उकळत होता आणि त्याची वाफ सकाळपासून माझ्या अंगावर येत होती. खळ भिजत होती. मी मनात एकच धोशा लावला होता, सुट रे कागदा, सुट!

बारा वाजले. बाहेर काळोख दाटला, ओनोराने दिवा लावला. ओल्या हातांनी तिने मला उचललं. तिच्या मुठीत कागद सरकला, एक काटा उघडा पडला, आणि तिला काही कळलं नाही! सोड्याच्या पाण्याने तिची बोटं केव्हाच बधिर झाली होती. "आई, जरा धरा ही बाटली. चमचा घेते," असं म्हणून तिने मला पेगच्या हातात दिलं.

पेगची बोटं माझ्यावरून एकदा फिरली. थांबली. पुन्हा फिरली. तिने नखाने खळ खरवडली.

"ओनोरा, चमचा टाक."

"का?"

"टाक म्हणते ना! वीस वर्षं मी या बाटल्या बांधल्या. ही विषाची बाटली आहे गं!"

चमचा खाली पडला. दोघी पोरीला शालीत गुंडाळून क्लोपरच्या दुकानाकडे धावल्या, आणि मी पेगच्या मुठीत. क्लोपरने मला हुंगलं, माझ्या तोंडाचा टवका ओळखला आणि तो पांढराफटक पडला. "ही माझी बाटली... निजू देऊ नका तिला! तळव्यांवर मारा, गार पाणी शिंपडा!" त्याने काळ्या कॉफीचे थेंब तिच्या तोंडात सोडले. एक तास गेला, दोन गेले. जिचं रडणं थांबावं म्हणून मला आणलं होतं, तिच्यापुढे गुडघे टेकून ओनोरा म्हणत होती, "रड गं माझे आई. एकदा रड. मी कध्धी तुला गप्प म्हणणार नाही."

गिरणीचा भोंगा वाजला आणि त्या भोंग्यावर ताण करत रोझॅनाने भोकाड पसरलं. तिरसट क्लोपर तोंड फिरवून चष्मा पुसत बसला.

ग्रोव्ह गावातून पसार झाले. ओनोरा ओलं फडकं घेऊन दारोदार हिंडली आणि दिसेल त्या गुलाबी कागदावर फडकं घासत सुटली. माझ्या अकरा बहिणींपैकी नऊ तिला सापडल्या.

मित्रांनो, दोन सापडल्या नाहीत. म्हणून मला अजून भीती वाटते. कागदावर कितीही गोड लिहिलेलं असो, आत काय आहे ते जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडाला लावू नका. आणि शेजारचं रडकं बाळ अचानक फार शहाणं झालं, तर घरी बसून कौतुक करू नका. धावत जा.