नागपूरचा कॉम्प्युटर

नीळकंठराव स्टुलावर चढून महालक्ष्म्यांच्या मखराला दिव्यांची माळ बांधत होते, तेवढ्यात आभानं आपला फोन वर त्यांच्या हाताशी नेला.

"बाबा, हे आधी पाहा. माळ मग बांधा."

ते खाली उतरले, चष्मा लावला. आभाचं खातं कुठून कुठून उघडलं गेलं, ते पडद्यावर दिसत होतं. वर तिचा स्वतःचा फोन. त्याखाली आणखी एक ओळ: विंडोज कॉम्प्युटर, नागपूर.

"नागपूरच्या खोलीत आम्हा दोघींत लॅपटॉप एकच होता. वर्षाचा," आभा म्हणाली. "माझ्या फोनचा सगळा बॅकअप वाचून राहिली होती ती. फोटो, मेसेज, सगळं. तेही फोनला हात न लावता."

नीळकंठरावांनी फोन लांब धरला, मग जवळ आणला. वाचण्यासारखं आणखी काही नव्हतं, तरी ते वाचत राहिले.

त्या कॉम्प्युटरला ते चांगले ओळखत होते. तो पलीकडच्या भिंतीशी, पत्नी रत्नप्रभाबाईंनी विणलेल्या रुमालाखाली गपगार बसला होता. घर यवतमाळात असलं तरी त्यांच्या इंटरनेटची लाइन कशी कोण जाणे नागपूरवरून फिरून येई, आणि इथून काहीही उघडलं तरी नोंद नागपूरची पडे. स्वतःच्या खात्यावरून त्यांना हे केव्हाच कळलं होतं. आभाला माहीत नव्हतं.

घरातले सगळे पासवर्ड नीळकंठरावच ठरवत. कुलदेवीचं नाव आणि पुढे घराच्या वास्तुशांतीचं वर्ष. विजेच्या बिलापासून आभाच्या फोनपर्यंत तोच एक. दहावीनंतर तिला फोन घेतला तेव्हा खातंही त्यांनीच उघडून दिलं होतं. वडिलांनी दिलेला पासवर्ड बदलायचा असतो, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. देवघरातली देवी कुणी बदलतं का?

मग आभा नागपूरला शिकायला गेली आणि नीळकंठरावांची झोप उडाली. कचेरीतल्या पुंडलिकरावांनी औषध सुचवलं. "पोरीच्या फोनले हात लावाचं कामच नाही, साहेब. बॅकअप रोज आपोआप वर चढते. पासवर्ड असला का झालं, आपण घरी बसून पाहाचं." मन निवलं की काढून टाकू, असं ठरवून त्यांनी बॅकअप वाचणारं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं. अशानं मन निवतं थोडंच! खानावळीतली पातळ वरणं, परीक्षेची धास्ती, वर्षाच्या बंजारा तांड्यावर शेळी व्याल्याची बातमी, असं सगळं ते रोज चहाबरोबर वाचू लागले. सॉफ्टवेअर कुणाचं नाव दाखवत नसे, नुसता नंबर दाखवी. पण वर्षा कोणती हे त्यांना नंबरावरून कळे. ही पोर आपल्या पोरीला जपते, हेही कळलं. तरी ते वाचतच राहिले. कुंपणच शेत खात सुटलं होतं.

एकदा आभानं वर्षाला लिहिलं, की झोपच येत नाही, मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, गोळ्या दिल्यात, घरी कळू देऊ नकोस. नीळकंठरावांनी लगेच तिला फोन लावला आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "बेटा, त्या झोपेच्या गोळ्यांची सवय नको लावून घेऊ."

आभानं विचारलं, "तुम्हाला वर्षानं सांगितलं?"

नाही म्हणायला जीभ उचलली असती तर तिथंच मिटलं असतं. नीळकंठराव म्हणाले, "हं."

त्या एका हुंकारानं पुढचं सगळं घडवलं.

"तुमच्यावर राग नाही माझा, बाबा," आभा आता सांगत होती. "तिनं चुगली केली, तुम्ही ऐकली. बाप ऐकणारच. ती रडत होती, आईची शपथ घेत होती, आणि मी तिची पेटी दाराबाहेर ठेवली. बरोबरच केलं ना मी?"

नीळकंठराव माळेचा गुंता सोडवायला बसले. माळेत फारसा गुंता नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. डोक्यावर गाठोडं घेऊन बिजलीबाई आली, वर्षाची आई. वर्षा पहिल्यांदा या घरी महालक्ष्मीचं जेवली, तेव्हापासून नैवेद्याच्या आंबिलीची ज्वारी बिजलीबाईच्या शेतातलीच असायची. बाभुळगावकडच्या तांड्यावरून ती स्वतः आणून द्यायची.

"घ्या ताई, जवारी. निवडून आणली," तिनं गाठोडं रत्नप्रभाबाईंच्या हाती दिलं आणि उंबऱ्याशी टेकली. रत्नप्रभाबाई तिच्या ओटीची तयारी करायला आत गेल्या. नीळकंठरावांनीच पाण्याचा गडू आणून दिला.

पाणी पिऊन बिजलीबाई आभाकडे वळली. "काय बिनसलं वं माय तुमचं? वर्षी मले काही सांगत नाही. म्या म्हटलं, उद्या महालक्ष्मीले जा, त म्हणते, मले कोण बोलावते तिथं? धड जेवून नाही राह्यली पोरगी. कालेज सोडतो म्हणते."

"तिलाच विचारा, मावशी," आभा म्हणाली आणि भिंतीकडे पाहू लागली.

"विचारून थकली मी." बिजलीबाईनं नीळकंठरावांकडे पाहिलं. "साहेब, तुमीच समजवा दोघीले. वर्षी तुमाले लय मानते."

नीळकंठरावांना लाज वाटली. इतकी, की रिकामा गडू उचलून ते स्वतःच आत नेऊन विसळू लागले. रत्नप्रभाबाई ओटीचे तांदूळ घेता घेता थांबून पाहत राहिल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा आभा फोन घेऊन उभीच होती.

"हे बंद कसं करायचं, सांगा आता."

बंद करणं अगदी सोपं होतं. एक बटण दाबलं की नागपूरचा कॉम्प्युटर पडद्यावरून जाणार, पासवर्ड बदलला की सॉफ्टवेअर आंधळं होणार. कुणाला काही कळणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि संन्याशाची आई उंबऱ्यात ओटीची वाट पाहत होती.

त्यांनी बटण दाबलं. ती ओळ गेली.

"आता नवा पासवर्ड टाक. मला सांगू नको."

"तुम्हाला का नको?"

"कोणालाच नको." ते दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. "आणि इथं लिहिलंय ना, दोन पायऱ्यांची तपासणी, तीही लाव. मग कोणी पासवर्ड टाकला तरी तुझा फोन आधी तुलाच विचारेल."

आभानं सगळं केलं. "झालं?"

झालंच होतं. नीळकंठरावांनी तरी कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला, नीट चौघडी घातली, आणि बटण दाबलं. जुनं यंत्र घरघरत जागं होईपर्यंत ते उभेच होते.

"ये. तुझं खातं इथं उघडून पाहा," ते म्हणाले.

"आता कशाला?"

"पाहा ना बेटा."

ती खुर्चीत बसली. पासवर्ड टाकला. लगेच तिच्या मांडीवरचा फोन वाजला. पडद्यावर प्रश्न होता: तुम्हीच आहात का? विंडोज कॉम्प्युटर, नागपूर. खाली दोन बटणं, हो आणि नाही.

"नागपूर कसं दाखवतंय? आपण तर..."

तिनं फोनकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"या घरातून नागपूरच दिसतं," नीळकंठराव म्हणाले. "पहिल्यापासून."

आतून रत्नप्रभाबाईंचा आवाज आला, "बिजलीबाई, निघू नका हं, आणतेच आहे."

आभानं 'नाही' दाबलं. कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडलं नाही. ती उठली आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून तिनंच त्यांचा फोन काढून त्यांच्या हातात दिला.

"वर्षाला लावा."

"मी?"

"तुम्हीच. तिची आई बसली आहे तिथं, तिच्यासमोर लावा." तिनं उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "थांबा, नंबर सांगते."

नीळकंठरावांना तो सांगावा लागला नाही. त्यांचं बोट न अडखळता एकेक आकडा दाबत गेलं, आणि आभा शेजारी उभी राहून ते आकडे उमटताना पाहत राहिली.