एका डिस्कच्या दोन वाटा

सोमवारी सकाळी युगांडातल्या म्बाराराच्या आमच्या रेडिओ केंद्राच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी माटोकेचा, म्हणजे हिरव्या केळ्यांचा घड आणलेला, कुणी कोंबडी. शनिवारी म्हणे पास्टर ब्यारुहांगांनी सर्व्हरवर हात ठेवला आणि एका डिस्कच्या दोन झाल्या!

"पाच भाकरींत ज्याने पाच हजारांना जेवू घातलं," पास्टर घसा ताणत होते, "त्याला एक डिस्क वाढवणं जड आहे होय?"

"हालेलुया!"

मी इथला तंत्रज्ञ. कसलं वाढवणं नि काय! वाट काढत आत गेलो. ध्वनिसंग्रह सांभाळणारी केमिगिशा पडलेल्या चेहऱ्याने बसली होती.

"सर, पास्टर म्हणाले, दुसरी डिस्क देवाची. म्हणून काल मी ती पुसून त्यांची प्रवचनं भरली. तेव्हापासून पहिलीवरचं आईचं काहीच लागत नाहीये."

तिची आई आमच्या केंद्रावर जुन्या कहाण्या सांगायची. दोन वर्षांपूर्वी गेली. टेपा बुरशीने खाल्ल्या, आवाज उरला होता तो त्या डिस्कवर.

पास्टरांना आत बोलावलं. सर्व्हरपासून डिस्कच्या पेटीपर्यंत दोन केबल होत्या. एक उपसली. स्क्रीनवर एकच डिस्क. परत खोचली. दोन!

"आता मीही पास्टर का?" मी विचारलं. "स्क्रीनवर दोन्ही डिस्कचा क्रमांक वाचा. अगदी तोच. डिस्क एकच आहे हो! एक केबल तुटली तर दुसरी असावी म्हणून शुक्रवारी मीच ही जोडली. दोन्ही वाटा एकाच डिस्कला जातात, हे सर्व्हरला सांगायचं काम आजच्यासाठी ठेवलं होतं. सांगितलं नाही की तो दोन मोजतो. तुम्ही दुसरी पुसायला लावलीत, म्हणजे पहिलीच पुसली गेली."

पास्टर कोंबडी न घेताच सटकले.

केमिगिशा मात्र माझ्याकडे बघत राहिली. "मी शनिवारी तुम्हाला फोन केला होता, सर. दोन झाल्या म्हणून सांगितलं. तुम्ही हसलात. म्हणालात, 'अगं, मग एक मला ठेव!'"

खरं होतं. बहिणीच्या लग्नात होतो. हसलो आणि फोन ठेवला.

"म्हणजे आईचा आवाज मीच पुसला?"

"तू नाही गं," मी म्हणालो. वर प्रवचनं बसली होती, खालचं काही परत येणार नव्हतं.

पुसण्याआधी केबल उपसून बघा, क्रमांक ताडून बघा, हे तर सांगतोच. पण ज्यांना ठाऊक असतं त्यांनाही हात जोडून सांगतो: कुणी चमत्कार घेऊन आलं तर नुसतं हसू नका, समजावून सांगा. मला दोन मिनिटं लागली असती.