धर्मराजाची माघार

हसनाबादेत हुकमचंद शेठच्या दुकानाच्या ओट्यावर एकदा एका शब्दावरून वाद रंगला. शेठचं घराणं मारवाडातून येऊन तीन पिढ्या झाल्या होत्या. मराठी तो गावच्या माणसासारखीच बोलायचा, पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नव्हती.

"तुम्ही लोक माघार घ्यायला मरणाचे लाजता," तो म्हणाला, "आन् माहेरी आलेल्या लेकीला मात्र माघारीण म्हणता. लुगडं नेसवता, पुरणपोळी खाऊ घालता. शब्द तर एकच. मंग एकाला लाज आन् एकाला मान, असं कसं?"

ओट्यावर एक कीर्तनकार महाराज बसले होते. ते म्हणाले, माग म्हणजे पावलांची खूण. माणूस आपल्याच पावलांवर परत फिरला की ती माघार. दुसऱ्या कुणी सांगितलं, मागचं घर ते माघार, तिकडं जाते ती माघारीण. कुणाचं खरं ते त्या ओट्यावर ठरण्यासारखं नव्हतं. तिथंच बसलेल्या धर्मराजाला तर हा सगळा वादच फुकटचा वाटला. "मला इचारा," तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "माघार लेकीबाळींला शोभती. गड्याला न्हाई."

सगळे हसले, कारण हे बोलायचा हक्क गावात त्याच्याइतका कुणालाच नव्हता. गावाबाहेर एक नाळ होती, दोन्ही अंगांनी उंच दरड आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. तिथं एकदा धर्मराजाची रिकामी गाडी आणि समोरून कडब्यानं भरलेली गाडी समोरासमोर आली. रिकाम्या गाडीनं मागं सरायचं, ही रीत पोराटोरांनाही माहीत. धर्मराजानं काय करावं? बैल सोडले, गाडीखाली घोंगडी अंथरली आणि खुशाल झोपला. समोरच्यानं हात जोडले, शिव्या दिल्या, आणि शेवटी सगळा कडबा उतरवून आपली गाडी मागं ढकलत नेली. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगत. धर्मराजाची बायको चतुराबाई मात्र दर वेळी म्हणायची, "आन् बैल उन्हात तापले ते न्हाई सांगत कुणी."

पुढं आषाढ सरता सरता धर्मराज कपाशीत कोळपं हाणत होता, तेव्हा बांधावरून साळू येताना दिसली. साळू ही त्याची एकुलती एक लेक. नदीपलीकडच्या गावात दिली होती. पायात काही नव्हतं, काखेत गाठोडं नव्हतं. जवळ आली, तसा तिनं पदर बाजूला करून डावा हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटली होती. नवऱ्यानं, कचरूनं, चुलीतलं जळतं लाकूड लावलं होतं.

"दादा, मी तिथं जाणार न्हाई," ती म्हणाली. "झुंजूमुंजू व्हायच्या आत निघून आल्ते."

धर्मराजानं पहिली नजर हातावर टाकली आणि दुसरी आजूबाजूच्या शेतांवर, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. त्याचं असं होतं की लेक एकटी माहेरी येत नसते. भाऊ, चुलता नाहीतर बाप गाडी घेऊन जातो, त्याला मुराळी म्हणतात. सासरचे "न्या" म्हणाले की लेक गाडीत बसते. परत न्यायला सासरचा मुराळी येतो, आणि मग माहेरच्यांनी लेक अडवायची नसते. अशी मुराळ्यासोबत आलेली ती माघारीण. एकटी आली ती पळून आलेली. तिच्यासाठी पंच बसतात आणि चारचौघांत तिला विचारतात, बाई, का आलीस? धर्मराजाच्या लेकीला कुणी असं विचारावं, हे त्याला सहन होणारं नव्हतं.

त्यानं साळूला शेतातल्या खोपीत बसवलं आणि घर गाठलं. सगळं चतुराबाईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "तशीच घरी आणा तिला. लोकांला दिसू द्या हात."

"उद्या तिला नांदायचंय."

"कुठं नांदायचंय? त्या लाकडापाशी?"

धर्मराजानं बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधल्या, गाडीत नवं लुगडं ठेवलं आणि वेशीतल्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडला, "लेकीला आणायला चाल्लो, पंचमी जवळ आली!" गाडी नदीकडं गेली, आडवाटेनं खोपीपाशी वळली, आणि दिवस कलताना साळूला घेऊन वाजतगाजत गावात आली. बायांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. हुकमचंदानं दुकानातून हाक मारली, "आली का माघारीण? बराबर पंचमीच्या टायमाला!" साळूनं मान हलवली.

पंचमीला कासारीण बांगड्या भरायला आली, तेव्हा साळूनं उजवा हात पुढं केला आणि डावा पदराखालीच ठेवला. "डाव्या हाताला गळू झालंय," चतुराबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली. शेजारणी झोक्यावर बसायला बोलवायच्या, पण एका हातानं झोक्याची दोरी धरवत नव्हती. धर्मराजाला हे दिसत होतं. आपण घराण्याची इज्जत राखली, असं तो मनाला बजावत होता आणि दिवसेंदिवस भाकरी कमी खात होता.

पोळा झाला आणि सासरचा मुराळी आला. कडूबा, कचरूचा चुलता. पांढरंशुभ्र धोतर, गाडीत लुगड्याची घडी, तोंडात साखर. गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बसली. धर्मराज म्हणाला, "एवढ्यात पाठवायची न्हाई."

"का बरं, सोयरे?" कडूबानं आवाज चढवला नाही. "तुम्ही गाडी घेऊन आल्ते, आम्ही राजीखुशीनं धाडली तिला. साऱ्या हसनाबादेनं घुंगरं ऐकली. भांडण न्हाई, तंटा न्हाई. मंग आता लेक अडवायचं कारण काय?"

धाडली कसली, गाडी नदी ओलांडून गेलीच नव्हती, हे कडूबाला पक्कं ठाऊक होतं. पण धर्मराजाचं खोटं सासरच्यांनाही सोयीचंच पडलं होतं. पळून आलेल्या बाईला निदान विचारतात तरी, का आलीस? माघारीण कधी जाणार, एवढंच विचारतात. साळूला कुणीही काही विचारू नये, अशी तजवीज तिच्या बापानंच केली होती. धर्मराज ओट्यांवरच्या माणसांकडं बघत बसून राहिला.

साळू आतून गाठोडं घेऊन आली. रडली नाही. आईच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली, आणि एका हातानं दांडी धरून गाडीत चढली. चतुराबाईनं तोंडात पदर कोंबला. कडूबानं कासरा सैल सोडला आणि गाडी गल्लीतून हलली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली असेल, तेवढ्यात धर्मराज ओट्यावरून उठला आणि अनवाणीच धावला. बैलांच्या पुढं जाऊन त्यानं जू धरलं.

"मागं घे," तो म्हणाला.

"सोयरे, बाजूला व्हा. गल्लीत गाडी वळायची न्हाई."

"वळवू नको. मागं घे."

कडूबा हलेना. मग धर्मराजानंच जुवाला खांदा लावला आणि बैलांना रेटायला सुरुवात केली. बैल बुजले, फुरफुरले, पण एकेक पाऊल मागं सरकू लागले. चाकं करकरत होती. त्याचं मुंडासं सुटून मातीत पडलं, ते त्यानं उचललं नाही. आपल्या दारापर्यंत त्यानं ती गाडी आणली. मग ओट्यांकडं तोंड करून उभा राहिला. धाप लागली होती, पण शब्द साऱ्यांना ऐकू गेले.

"म्या लेकीला आणली न्हाई. मी खोटं बोलून राह्यलो होतो. ती पायी आली, एकटी आली, पळून आली. का आली ते इचारा तिला. बसवा पंच, बोलवा साऱ्या गावाला, पण इचारा."

साळूनं गाडीतूनच पदर मागं टाकला आणि हात वर धरला. कडूबा लुगड्याची घडी काखेत मारून खाली उतरला. "ह्याचा निकाल लागंल, बिलकुल लागंल," असं काहीबाही पुटपुटत राहिला, पण साळू खाली उतरली आणि तो रिकामी गाडी घेऊनच परत गेला.

पंच बसले. साळू बोलली, हात दाखवला, आणि पंचांनी तिला माहेरी राहू द्यायचं ठरवलं. गावात महिनाभर एकच चर्चा होती, धर्मराजानं माघार घेतली म्हणून. नाळीतला तो कडबेवाला तर मुद्दाम दुकानापर्यंत आला आणि त्यानं सगळं दोनदा सांगायला लावलं. हुकमचंदानं माघारीचा तो जुना प्रश्न पुन्हा काढला नाही.

धर्मराजाला लोकांच्या हसण्याचं फारसं काही वाटलं नाही. एकच गोष्ट सलत राहिली. एकदा जेवताना साळू सहज बोलून गेली होती, "दादा, तव्हाच शेतातून तसंच घरी आणलं असतं, तर पंचमीला झोका खेळले असते मी." ती रागानं बोलली नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं.

पुढच्या पंचमीला कासारीण पुन्हा आली. धर्मराज ओट्यावर झोक्यासाठी दोर वळत बसला होता. साळूनं उजवा हात पुढं केला, आणि मग पदर खांद्यावर टाकून डावाही.