चर्चचा रकाना

"'चर्च'च्या रकान्यात तू 'छप्पर' लिहिलंस?"

माझी बहीण मेव्हिस हातातला कागद नाचवत आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. कागद गावच्या साप्ताहिकाचा. निवडणुकीला जो उभा राहील त्याने तो भरून द्यायचा असतो. नाव, वय, कामधंदा, मुलंबाळं, चर्च. मग तो फोटोसकट छापून येतो, आणि अख्खं सेज फोर्क गाव तो न्हाव्याच्या दुकानात बसून वाचतं.

"छप्पर, दोनदा," माझा नवरा आस्गर टोस्टला लोणी लावत म्हणाला. "पुढे वाच ना. तळघरातला पंपही लिहिलाय."

"अरे, तू चर्चचं काय दुरुस्त केलंस ते नाही विचारलंय! तू कुठल्या चर्चचा, ते विचारलंय!"

"ते कशाला हवंय त्यांना? मी तर पाइप बदलणार आहे."

मेव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावरचा नसलेला डाग पुसायला घेतला.

आस्गर डेन्मार्कचा. चोविसाव्या वर्षी इकडे शेतीची यंत्रं शिकायला आला आणि माझ्यामुळे नेब्रास्कात राहिला. गावच्या पाणीपुरवठ्यावर अठ्ठावीस वर्षं काम करून गेल्याच वर्षी निवृत्त झाला. आमच्या रस्त्यांखालचे पाइप शिशाचे आहेत, आजोबांच्या काळचे, आणि शिशाचं विष पाण्यात उतरतं. ते बदला, असं तो दर वर्षी सांगायचा. दर वर्षी नगराध्यक्ष म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. म्हणून हा स्वतःच नगराध्यक्षपदाला उभा राहिला. गावातलं एकही तळघर असं नाही, जिथे आस्गर कधी ना कधी गुडघाभर पाण्यात उभा राहिला नाही. तेवढं पुरेल, असं त्याला वाटलं होतं.

"नाही पुरणार," मेव्हिस खुर्ची ओढून बसली. "हे बघ भाऊजी, कुठलंही चर्च चालेल. बाप्टिस्ट चालेल, मेथडिस्ट चालेल. हल्ली कॅथलिकसुद्धा चालतं. पण काहीच नाही म्हटलंस, तर लोकांना वाटतं हा काहीतरी लपवतोय."

"पण मी तर काहीच लपवत नाहीये."

"तेच तर चुकतंय ना तुझं! वेंडेलकडे बघ."

वेंडेल क्रूस म्हणजे ट्रॅक्टरचा विक्रेता आणि आस्गरच्या विरोधातला उमेदवार. मनाने चांगला, आवाजाने मोठा, आणि सध्या तिसऱ्या लग्नात. चार वर्षांपूर्वी तो पिऊन गाडीसकट नाल्यात गेला होता. त्यानंतर त्याने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, "मी खोल खड्ड्यात होतो, आणि एका हाताने मला वर ओढलं!" लोक रडले. तेव्हापासून त्याचा धंदा दुप्पट झाला.

"त्याला मी ओढला होता," आस्गर म्हणाला. "नगरपालिकेच्या ट्रॅक्टरने. त्याने मला थँक यूसुद्धा म्हटलं होतं. एवढ्यात विसरला?"

त्या संध्याकाळी त्याच्या बहिणीचा, बोडिलचा फोन आला. आस्गरने तिला सगळं सांगितलं.

"थांब, मला नीट कळू दे," बोडिल म्हणाली. "देव मानत नाहीस म्हणून तुला मत देणार नाहीत? अरे, आपल्याकडे एखादा उमेदवार भाषणात देवाचं नाव घ्यायला लागला, तर लोक त्याच्या बायकोला फोन करून विचारतील, यांची तब्येत बरी आहे ना?"

फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच बसले होते. बोडिलला ते माहीत होतं, म्हणून ती लगेच म्हणाली, "आर्डिस, तुझं सोड हं. तू मनापासून करतेस."

करते खरी. रोज सकाळी सहाला एक स्तोत्र वाचते, मग एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करते. आणि शुक्रवारी दुपारी जेवत नाही. लग्नाच्या वर्षी धरलेला नेम आहे, त्याला तेहतीस वर्षं झाली. आस्गरला प्रभूची ओळख पटावी, तो एकदा तरी माझ्या शेजारी येऊन बसावा, एवढंच त्यात मागते. त्याला हे कधी बोलून दाखवलं नाही. मला मोठ्याने काही बोलता येतच नाही. पास्टर म्हणतात, आर्डिसचं 'आमेन' ऐकायला पुढच्या बाकावर बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हिसने कॅलेंडर काढलं. निवडणुकीपर्यंत पाच रविवार. "पाच वेळा नुसता येऊन बस. तिसऱ्या रांगेत, सगळ्यांना दिसशील असा."

मला वाटलं, हा हसेल. तो म्हणाला, "पाचच ना? येतो."

मला आनंद व्हायला हवा होता. पण पार्सल आपल्याच नावाचं, मागवलेलंही आपणच, आणि उघडल्यावर आत भलतंच काही निघावं, तसं झालं. मी त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. कॉलरला दोनदा केली.

पहिल्या रविवारी आस्गर बसला आणि मान वर करून छताचे सांधे तपासू लागला. लोकांना वाटलं, स्वर्गाकडे बघतोय. मग गीत सुरू झालं. आणि माझा नवरा, ज्याने लग्नात "हो" एवढंच म्हटलं होतं, तो भरदार आवाजात गायला लागला. पुस्तक न उघडता. डॅनिशमध्ये. चारही कडवी. आमच्या पुस्तकात तीनच आहेत, त्यामुळे चौथं त्याने एकट्याने म्हटलं आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना परत सुरुवात करावी लागली.

हिल्डर मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी रुमाल काढला. "पवित्र आत्मा उतरला गं त्याच्यावर," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

गाडीत मी विचारलं, "तुला हे कसं येतं?"

"शाळेत पाठ करून घेतलं होतं. पाढ्यांबरोबर. चुकलं की छडी."

पण बातमी गावभर झाली होती. आस्गरचं तारण झालं, त्याला देव भेटला! आमच्या दारात चिकन-नूडल्सचे ट्रे आणि भोपळ्याचे केक येऊ लागले. वेंडेल इतका घाबरला की पेट्रोल पंपावरसुद्धा डोळे मिटून प्रार्थना करू लागला. मागे चार गाड्या खोळंबल्या. पुढचे रविवारही असेच गेले. मेव्हिस म्हणाली, "जिंकलो! आता शनिवारच्या सभेत फक्त तीन शब्द. 'माझा विश्वास आहे.' कशावर, ते कोणी विचारत नाही."

आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, आस्गर माझ्यासमोर सूप पीत बसला होता. माझ्यापुढे पाण्याचा ग्लास.

"आर्डिस, ते तीन शब्द," तो म्हणाला. "पाइपांसाठी नाही म्हणणार मी. ते मला जमायचं नाही. पण तू शुक्रवारी जेवत नाहीस ते माझ्यासाठी, हे मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिली दोन वर्षं मला वाटलं, तुला पोटाचा काही त्रास आहे. मग एकदा सकाळी तुला माझं नाव घेताना ऐकलं." त्याने चमचा खाली ठेवला. "तुझ्यासाठी म्हणेन. सगळ्या गावासमोर म्हणेन. तू फक्त सांग."

मी माझा ग्लास उचलून ओट्यापाशी नेला. त्याने थोडी वाट पाहिली, वाडगा धुऊन पालथा घातला आणि बाहेर गेला.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवणं झाली आणि दोन्ही उमेदवार पुढे खुर्च्यांवर बसले. वेंडेल म्हणाला, माझा खरा नेता वर आहे. टाळ्या पडल्या. शिशाच्या पाइपांवर एकानेही प्रश्न विचारला नाही. मग हिल्डर मावशी काठी टेकत उभ्या राहिल्या.

"आस्गर बाळा, तुला प्रभू कसा भेटला, ते सांग ना रे आम्हाला."

आस्गरने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डावीकडे मेव्हिस अशी जोरजोरात 'हो, हो' करत मान हलवत होती की तिची कर्णफुलं गालावर आपटत होती. मला एवढंच करायचं होतं. होकारासाठी नुसती मान खाली. तेहतीस वर्षं जे मागितलं, ते आत्ता, सगळ्यांच्या देखत, माझ्या कानांनी ऐकलं असतं. आणि उद्या सकाळी सहाला? उद्या प्रभूसमोर बसून मी काय म्हणाले असते, मिळालं, आभारी आहे?

मी मान हलवली. नाही.

आस्गर उठला. "मावशी, मी लुथरन आहे, आमच्या डेन्मार्कच्या चर्चचा."

टाळ्या.

"पण देव आहे, असं मला वाटत नाही."

टाळ्या वाजवणारे हात हवेतच थांबले. मग मागून कोणीतरी खरोखरच गोंधळून विचारलं, "म्हणजे मेथडिस्ट का?"

"नाही, नाही. आमच्याकडे सगळे असेच. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक सगळं चर्चमध्ये. मनात मानतोस का, हे मात्र कोणी विचारत नाही. चारचौघांत वजन विचारल्यासारखं वाटतं ते."

"मग इतके रविवार आलास ते नाटक?" वेंडेलने विचारलं.

"आलो ते खरं. गायलो तेही खरं." आस्गरने जरा विचार केला. "पण आर्डिस मानते ते खरंखुरं आहे. तिच्या देवाबद्दल मी खोटं कसं बोलू? घरी जायचंय मला."

लोक हसले, पण खाली बघून. हिल्डर मावशी बसता बसता म्हणाल्या, "मुलगा प्रामाणिक आहे हो. मत नाही देणार मी. पण प्रामाणिक आहे."

मेव्हिसने कर्णफुलं काढून पर्समध्ये टाकली.

मंगळवारी मतमोजणी झाली. वेंडेल सहाशे अकरा, आस्गर दोनशे अठ्ठ्याण्णव. बोडिल फोनवर म्हणाली, "एवढं सांगूनही तीनशे मिळाली? गाव चांगलं आहे रे तुमचं."

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. हिल्डर मावशींनी माझा हात दाबला. "येईल गं तो परत."

"नाही मावशी," मी म्हणाले. "साडेदहाला मला घ्यायला येईल." आजूबाजूच्या दोन-तीन रांगांनी वळून पाहिलं, त्यांना माझा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला असावा.

साडेदहाला तो आवारात ट्रकपाशी उभा होता. बाहेर पडणारे लोक बुटांकडे बघत जात होते. तो मात्र एकेकाला नावाने हाक मारत होता. वेंडेल मोठ्या मनाने हात पुढे करून आला. "देवाची इच्छा, आस्गर."

"हो. आणि सहाशे अकरा लोकांची." आस्गरने कोटातून घडी घातलेला एक नकाशा काढून त्याच्या हातात दिला. कोणत्या घराखाली कुठवर शिसं आहे, त्याच्या लाल पेन्सिलीच्या खुणा त्यावर होत्या. "हिल्डर मावशींच्या दारापासून सुरुवात कर. तिथला पाइप सगळ्यात जुना आहे."

वेंडेल नकाशा उलटा धरून बघत राहिला. आस्गरने तो त्याच्या हातात सुलट केला.

मग त्याने माझ्यासाठी ट्रकचं दार उघडलं. सीटवर ग्रीस सांडलेलं होतं, आणि माझा कोट फिकट रंगाचा. त्याने त्यावर निवडणुकीचा एक उरलेला फलक अंथरला होता, स्वतःचं नाव खाली जाईल असा.