नसलेलं बटण

आमच्या धंद्यात काचेवर नाव नसेल, तर मिस्त्री जन्मलाच नाही असं समजायचं. नैरोबीत नवी मटाटू, म्हणजे आमची खासगी मिनीबस, रस्त्यावर उतरते, तेव्हा तिच्या मागच्या काचेवर तीन नावं रंगवतात: बॉडी कोणी बांधली, चित्रं कोणी काढली, आवाज कोणी बसवला. ड्रायव्हर-कंडक्टर ती नावं वाचतात आणि आपली गाडी त्याच माणसाकडे नेतात. स्वतःचा गाळा मागायला गेलात तरी आधी काच विचारतात. मी ओडेरा मिस्त्रीच्या गॅरेजात नऊ वर्षं आवाज बसवतेय आणि माझं नाव एकाही काचेवर नाही. विचारलं की तो म्हणायचा, "म्बिथे, घाई कसली? तुझी वेळ येईल." एव्हाना गाढवाला शिंगं फुटली असती.

मग 'किफारू' आली. तेहतीस सीटची, रोंगाईच्या रूटची, मालकीण वामुयूबाई. मागच्या सीटखाली चार सबवूफर ओडेराने स्वतः बसवले आणि गाडी दिली. चार दिवसांनी गाडी परत दारात. इंजिन चालू केलं की गाणं लागायच्या आधीच सबवूफरमधून घूंऽऽ अशी घरघर, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढत जायची. शनिवारी पहिली फेरी होती, फुकटची, सगळा रूट बघायला येणार होता.

ओडेराने अ‍ॅम्प्लिफायर बदलला. अर्थिंगची जागा पत्र्यापर्यंत घासून नवा बोल्ट मारला. फिल्टर लावला. घरघर जशीच्या तशी. बुधवारी वामुयूबाई आली, दोन मिनिटं कान देऊन उभी राहिली.

"मिस्त्री, शनिवारी लोक मटाटूत बसायला येणार आहेत, पिठाच्या गिरणीत नाही," ती म्हणाली. "जो हे थांबवेल त्याचं नाव काचेवर. कोणी का असेना."

ते 'कोणी का असेना' माझ्या काळजात जाऊन बसलं. ओडेरा चपाती आणि घेवडा खायला गेला तशी मी गाडीत शिरले.

अ‍ॅम्प्लिफायरला येणारी गाण्याची वायर उपटली. इंजिन चालू, सबवूफर गप्प. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर चांगला, अर्थिंग चांगलं, घाण येत होती ती वायरीतून. मग पुढच्या स्टिरिओपासून मागेपर्यंत सीटांवरूनच एक नवी वायर टाकून पाहिली. स्वच्छ.

"जुनी वायर मीच टाकलीय," ओडेरा परत येऊन म्हणाला. "उजव्या बाजूने. बॅटरीची केबल डावीकडून. दोघींची गाठच पडत नाही."

"तुम्ही टाकलीत तेव्हा नव्हती पडत. नंतर कोणीतरी हात घातलाय."

मला कळलं ते त्यालाही कळलं होतं. मी कंडक्टरकडे वळले, किमोंडोकडे.

"बटण कुठंय?"

"कसलं बटण, ताई?"

आता हे बटण म्हणजे काय, तर पुढे पोलीस दिसले की दारात उभ्या कंडक्टरने पायाच्या अंगठ्याने दाबायचं. धडधड बंद, गाडी देवळासारखी शांत. पोलीस मागे पडले की पुन्हा दाबायचं. मोठ्या आवाजाच्या प्रत्येक मटाटूत ते असतं आणि विचाराल तर एकाही मटाटूत नसतं. गाडी गॅरेजातून नेली की क्रू ते आपलं आपण बसवतो आणि मिस्त्रीलाही सांगत नाही, कारण मिस्त्रीकडे दहा गाड्यांची माणसं चहा प्यायला बसतात. विषय काढला की सगळे कानावर हात ठेवतात.

"किमोंडो, पायाखाली काय आहे तुझ्या?"

"बूट आहेत, ताई. हवेत तर घेऊन जा."

"ऊन लागलंय हिला," ड्रायव्हर म्हणाला. "पाणी द्या कोणीतरी."

माझी सटकली. मी दाराच्या पायरीवरचं रबर ओढून काढलं आणि खालचे चार स्क्रू फिरवले. किमोंडो आभाळाकडे बघत उभा राहिला. खाली बटण होतं. दारावरच्या बेलला लावतात तसली उघडी बारीक वायर स्टिरिओमागे मूळ वायर कापून जोडलेली, आणि बॅटरीच्या जाड केबलला खेटून पायरीपर्यंत आणलेली. वर छान टेप मारून दोघींना एकत्र बांधलेलं. जवळचा रस्ता पडतो ना. इंजिनाची सगळी घरघर तिथून आत शिरत होती.

मी ते सगळं उचकटलं. जाळीच्या आवरणाची वायर घेतली, दारावरून, छपराच्या कडेने, केबलपासून लांब फिरवून आणली. बटण जागच्या जागी ठेवलं. तासाभराने इंजिन चालू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काही नाही. मग गाणं लावलं आणि छातीत धप्प बसलं, कोरडं, स्वच्छ. किमोंडो हळूच म्हणाला, "हात आहे बुवा हिला." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी पेंटर शिसिया ब्रश घेऊन आला. तिसरं नाव कोणाचं, त्याने विचारलं. मी माझं सांगितलं. त्याने वामुयूबाईकडे पाहिलं आणि बाईने मला बाजूला नेलं.

"म्बिथे, तू काय दुरुस्त केलंस?"

"तुम्हाला माहितीये, बाई."

"मला माहितीये. पण लोक विचारतील, ओडेराला जे जमलं नाही ते हिने कसं केलं. काय सांगशील?"

"वायर बदलली."

"कुठे जाणारी वायर?"

मी दाराच्या पायरीकडे पाहिलं.

"माझ्या गाडीत बटण नाही," ती म्हणाली. "बटण नाही तर वायर नाही, वायर नाही तर बिघाडही नव्हता. ओडेराने अ‍ॅम्प्लिफायर बदलला आणि घरघर गेली. तू खूप केलंस, पोरी. पण ते सांगता येण्यासारखं नाही."

हे ती मायेने बोलली, त्याचाच जास्त राग आला. मी ओडेराकडे पाहिलं. त्याने एक शब्द टाकला असता तरी पुरे होतं. तो स्क्रूड्रायव्हरने नखातली घाण काढत होता.

"पुढच्या वेळी बघू," तो म्हणाला.

"जळो तुमची पुढची वेळ," मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

शिसिया भला माणूस. "आतल्या बाजूला, बारीक अक्षरात लिहू का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. लपवून लिहायला मी काय चोरी केली होती?

तेव्हापासून कंडक्टर माझ्याकडे येतात. ओडेरा नसताना येतात, इकडेतिकडे बघतात. "म्बिथेताई, ते आमच्याकडे नाहीये ना, ते घरघर करतंय." अकरा गाड्या झाल्या. अकराही स्वच्छ वाजतात.

मागच्या महिन्यात आमच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा झाला. मी गाळे वाटणाऱ्या समितीच्या म्हाताऱ्याकडे गेले. तो रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसला होता.

"एखादी काच दाखव," तो म्हणाला.

तेवढ्यात त्या अकरांतली एक समोर सिग्नलला थांबली. छातीत धप्प, धप्प, कणभर घरघर नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटले, मान डोलावली.

"हे काम माझं आहे," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडून काच वाचली.

"ओडेरा," तो म्हणाला. "गाळा हवा असेल तर त्यालाच पाठव की."