दोन खिडक्यांची एकच यादी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा रंग एकेकाळी पांढरा होता, आता तो कढीसारखा दिसतो.

१९९८ साली मला नाशिकच्या एका रक्तपेढीत बसवले. माझ्या अंगाला दोन पडदे जोडले होते. एक आत, तपासणीच्या खोलीत वत्सलाबाईंपुढे. दुसरा बाहेर, रुग्णांसाठी रक्त देण्याच्या खिडकीत हिरामणभाऊंपुढे. दोघांसाठी माझ्या पोटात दोन प्रोग्राम चालत.

आम्हा संगणकांत एक कडक रिवाज आहे. प्रत्येक चालू प्रोग्रामला स्मृतीत स्वतःची बंद खोली मिळते. शेजारच्याच्या खोलीत डोकावायचे नाही. त्यामुळे बाईंनी तपासलेली पिशवी त्यांच्या यादीत लगेच चढे, पण भाऊंच्या यादीत यायला बराच वेळ लागे. एकदा तर पिशवी फ्रिजमध्ये असूनही भाऊंनी एका माणसाला दुसऱ्या रक्तपेढीकडे धाडले. तिथे त्याला रक्त मिळाले हे कळेपर्यंत भाऊंच्या घशाखाली घास उतरला नाही.

मग पल्लवी आली. सिडकोतून लुनावर यायची, माझ्यापुढे बसून प्रोग्राम लिहायची. तिने दोन्ही खोल्यांना मिळून एक सामाईक अंगण दिले आणि यादी तिथे मांडली. पण दुसऱ्या पडद्याने ती वाचायला घेताच मी कोलमडलो.

"काढून टाका हे, जुनंच बरं होतं," वत्सलाबाई वैतागल्या.

पल्लवी पडद्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "बाई, यादीतली प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीचा पत्ता सांगते ना? तो पत्ता मी 'माझ्या डाव्या हाताला' असा दिलाय. समोरच्याचा डावा हात वेगळा! आता अंगणाच्या कडेपासून किती अंतर, एवढंच लिहिते."

तिने तसे केले. शिवाय एकजण यादीत फेरफार करत असेल तोवर दुसऱ्याने थांबावे, म्हणून कडीही बसवली. यादी वाढो की घटो, दोघांना एकच दिसू लागली.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी कळवणकडचा केरू खिडकीशी आला. तो धापा टाकत होता.

"भाऊ, बायको बाळंत झाली. लय रक्त गेलंय तिचं. या चिठ्ठीवरचं हाय का?"

"ओ निगेटिव्ह? नाही हो दादा, एकही..."

भाऊंचे वाक्य तिथेच थांबले. आत बाईंनी नुकतीच एक पिशवी तपासून नोंदवली होती, आणि ती ओळ भाऊंच्या पडद्यावर उमटली होती.

"आहे! आहे! दादा, थांबा!"

केरू तिथेच फरशीवर बसला. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, माय-लेक सुखरूप. हिरामणभाऊंनी रुमाल काढला, आधी डोळे पुसले, मग माझा पडदा.

२००७ मध्ये नवा संगणक आला. माझी वायर काढण्याआधी पल्लवीने तो प्रोग्राम त्यात उतरवला आणि चालवून पाहिला. पिशवीची पहिली ओळ दोन्ही पडद्यांवर एकदम उमटली, तेव्हा माझ्या जिवावरचे ओझे उतरले.

आता मी कपाटामागे आहे. मला त्याचे दुःख नाही. मित्रांनो, एवढेच करा: जुने यंत्र भंगारात देण्याआधी त्याची धूळ पुसा, ते एकदा सुरू करा आणि त्याच्या पोटात कुणाची मेहनत आहे ते पाहा. ती मात्र टाकू नका.