काठकाका

“आई गं!” बायकोने कप खाली ठेवला. ओठावर रक्ताचा बारीकसा थेंब. “अहो, हा तुम्हीच तपासून आणलेला ना?”

त्याने कप बाजूला सरकवला. कपांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं त्याचं एकच काम: प्रत्येक कपाच्या काठावरून बोट फिरवायचं आणि टवका उडालेला बाजूला काढायचा. सगळे त्याला काठकाकाच म्हणत. पण गेले काही महिने ते बोट बधिर झालं होतं. दोनदा टवके उडालेले कप गिऱ्हाइकापर्यंत गेले, तेव्हा साहेबांनी बजावलं, “सोमवारी तुमची परीक्षा. नाही जमलं तर तपासणीचं टेबल सोडा.”

घरात त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता. आज रविवार होता.

लेक इंग्रजीच्या वहीत डोकं खुपसून बसली होती. “बाबा, रिम आणि ब्रिममध्ये फरक काय? दोन्ही काठच की! या लोकांना दुसरा उद्योग नव्हता?”

“मला काय विचारतेस? सातवीनंतर शाळेने मला हात जोडले.”

“वा! काठकाका तूच ना?” तिने शब्दकोश चाळला. “हां, सापडलं. रिम म्हणजे वस्तूची कड. कप रिकामा असला तरी ती असतेच. ब्रिम म्हणजे जिथवर भरता येतं ती कड. त्यापुढे थेंब टाकलास की सांडलंच!”

दाखवायच्या उत्साहात तिने तोच कप नळाखाली धरून काठोकाठ भरला. एका जागेवरून पाण्याची बारीक धार ओघळली.

“शी! हा तर धड भरतही नाही.”

तो वाकला. त्या जागी बोट ठेवलं. बोटाला काहीच कळलं नाही. पाण्याला कळलं होतं.

सोमवारी साहेबांनी चाळीस कप मांडले. काकाने पाण्याची किटली मागितली.

“चहापान आहे का, काका?” पॅकिंगवाली हसली.

“मला नाही, कपांना पाजायचंय.”

त्याने एकेक कप भरला. चांगल्या कपात पाणी काठावर फुगून थांबायचं. जिथून ओघळलं, तो कप बाजूला. साहेबांनी भिंगातून पाहिलं.

“टवक्याचे सहाच्या सहा सापडले. एकही चुकला नाही!” मग त्यांची नजर घड्याळाकडे गेली. “पाऊण तास लागला, काका. बोटाने किती लागायचा?”

खोटं बोलता आलं असतं.

“तीन मिनिटं,” तो म्हणाला.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. काकाने सगळे कप रिकामे केले, पुसले, पालथे घातले. एप्रनची घडी करून खुर्चीवर ठेवली.

संध्याकाळी त्याने स्वतः चहा केला आणि बायकोपुढे नवा कप ठेवला. “टेबल सुटलं,” एवढंच म्हणाला.

तिने कप उचलला. पिण्याआधी काठावरून सावकाश बोट फिरवलं, पुरती एक फेरी.

तो तिच्या बोटाकडे बघत उभा राहिला.

“ठीक आहे?”

“ठीक आहे,” ती म्हणाली. मगच तो बसला.